हरकतीचे पंधरा दिवस

प्रेमिला गजभियेला सरकारी नोकरी लागली ती एकोणतीस दिवसांची. हसू नका, तेव्हा तशीच लागायची. एकोणतीस दिवस काम करायचं, तिसाव्या दिवशी घरी बसायचं आणि एकतिसाव्या दिवशी नवी ऑर्डर घेऊन पुन्हा त्याच खुर्चीवर, त्याच टाइपरायटरपुढे. सलग महिने भरले की माणूस हक्क सांगायला लागतो, म्हणून कोण्या हुशार डोक्यानं काढलेली ही पळवाट. अशा सात ऑर्डरी तिच्या ट्रंकेत जमल्या होत्या. साल अठ्ठ्याहत्तर, वय बावीस. बाप गिरणीत होता, तो छातीच्या दुखण्यानं गेला. नागपुरात, इंदोऱ्यातल्या दोन खोल्यांत आई कांताबाई आणि दोन धाकट्या बहिणी. तिघींचा जीव एकाच गोष्टीवर टांगलेला, प्रेमिला कायम कधी होते.

कचेरी सिव्हिल लाइन्समधली, इंग्रजांच्या वेळची, जाड भिंतींची. नाव कशाला हवं, तशा कचेऱ्या तिथं रांगेनं उभ्या आहेत. ती पहिल्या दिवशी गेली तेव्हा आत पंधरा माणसं होती आणि एकानंही मान वर केली नाही. दारापाशी उभं राहून तिनं पदराचं टोक पार चुरगाळून टाकलं. शेवटी मागच्या खिडकीकडून आवाज आला, "काय वं पोरी, गिरणीतल्या गजभियेची न तू? उभी काहून आहे? बस न तिथं, ते मशीन तुह्यासाठीच आहे."

हे आनंदराव वासनिक. वरिष्ठ लिपिक, सत्तावनला टेकलेले, तिच्याच गल्लीच्या टोकाला राहणारे. इंदोरा ते कचेरी सायकलनं यायचे आणि तरी शर्टाची इस्त्री मोडायची नाही. प्रेमिलाला कचेरी शिकवली ती त्यांनी. टिपणी कशी लिहायची, फाईल कशी लावायची, साहेबानं 'चर्चा करा' लिहिलं म्हणजे तो चिडलाय की त्याला काही कळलेलं नाही, सगळं. दुपारी डबा उघडला की भीमाबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पोरीसाठी वेगळी बांधून दिलेली भाकर आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा पुढे सरकवायचे. "खाय. तिखट लागलं तं रड, पण खाय." ती त्यांना काकाजी म्हणायची, आणि ते काही नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

आनंदरावांच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती सगळ्या कचेरीला ठाऊक होती. त्यांना बडेबाबू व्हायचं होतं. मुख्य लिपिकाला नागपूरकडे बडेबाबू म्हणतात. राज्य मराठी झालं तरी जुन्या सीपीची, म्हणजे मध्य प्रांताची, ही सवय काही सुटलेली नव्हती. आनंदरावांच्या बापानं याच इमारतीत, याच बडेबाबूच्या खोलीबाहेर बसून पंख्याची दोरी ओढली होती. उन्हाळाभर, पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून. आत पाय ठेवायची मुभा नव्हती त्याला. त्या खोलीतल्या खुर्चीत बसून निवृत्त व्हायचं, मग ते वर्षभर असो की सहा महिने, एवढंच त्या माणसाला हवं होतं. जूनअखेर जुने बडेबाबू निवृत्त होणार होते. ज्येष्ठतेनं पुढचा नंबर आनंदरावांचा, आणि त्यांची स्वतःची नोकरी उरली होती चौदा महिने. गल्लीतले लोक आत्तापासूनच "बडेबाबू, जय भीम" म्हणायचे. ते हात जोडायचे अन् सांगायचे, "अजून नाही बापा, थांबा थोडं."

आता दुसऱ्या टोकाला बाबाराव पोहरे. आस्थापना टेबल त्यांच्याकडे. म्हणजे कोण कधी लागला, कोणाची बदली, कोणाची बढती, कोण कायम, सगळ्यांची सेवापुस्तकं यांच्या कपाटात आणि किल्ली यांच्या जानव्याला. माणूस असा गोड की काय सांगावं. कोणाला तोडून बोलायचे नाहीत, कोणाचा चहा नाकारायचे नाहीत. कचेरीत एकच कूलर होता आणि त्याच्या पुढ्यात बसायचा मान बाबारावांना आणि त्यांच्या बैठकीला. अकरा वाजता तिथं चहा यायचा. त्या चहाला बोलावलं गेलं तर आपलं बरं चाललंय समजायचं, नाही बोलावलं तर समजून घ्यायचं. गोपाळराव नावाचे एक वरिष्ठ लिपिक त्या बैठकीत कायम असत. ते बाबारावांचे साडू. ज्येष्ठतेच्या यादीत ते आनंदरावांच्या खाली होते, दोन वर्षांनी मागे. बस्स, एवढीच मेख होती.

मे महिन्यात बाबारावांनी प्रेमिलाला ज्येष्ठता यादीचा मसुदा दिला. स्टेन्सिल कापायची, मग सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या. ती टाईप करत करत दुसऱ्या ओळीशी आली आणि बोटं थांबली. पहिली ओळ जाणाऱ्या बडेबाबूंची. दुसऱ्या ओळीत गोपाळराव होते, सेवेत रुजू सेहेचाळीस साली. तिसऱ्या ओळीत आनंदराव, सेवेत रुजू अठ्ठेचाळीस साली.

अठ्ठेचाळीस? अहो, काकाजी चव्वेचाळीसच्या जूनमध्ये लागले, हे शेंबड्या पोराला माहीत होतं. शेजाऱ्याचा कोट मागून घातला होता आणि बाह्या बोटांवर येत होत्या, ही गोष्ट तिनं डब्यावर दहादा ऐकली होती. ती मसुदा घेऊन उठली.

"साहेब, वासनिक काकाजींची तारीख चुकली वाटते. चव्वेचाळीस पाहिजे न?"

बाबारावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "पहिली चार वर्षं हंगामी होते ते. ती धरत नाहीत."

"मंग गोपाळरावांचीबी पहिली..."

बाबाराव हसले. आवाज एक सूत चढला नाही. "बेटा, तुला इथं येऊन सात महिने झाले. मी या टेबलावर अठरा वर्षं आहे. मसुद्यात आहे तसं टाईप करायचं. कोणाला चूक वाटली तर ज्याची त्यानं हरकत घ्यावी. त्यासाठीच तर खाली पंधरा दिवसांची मुदत लिहिली आहे, पाहा. तू काहून मधात पडतेस?" मग त्यांनी खण ओढून एक कागद वर काढला आणि तिला दिसेल असा धरला. "ही तुझी कायमची ऑर्डर. साहेबांच्या सहीला न्यायचीच आहे. जागा एक आहे आणि अर्ज तीन." पुढं ते काही बोलले नाहीत. अशी माणसं पुढं काही बोलतच नसतात.

प्रेमिला जागेवर आली आणि तिनं स्टेन्सिल कापली. तिला दोष द्यायला सोपं आहे, पण त्या घडीला तिच्या डोक्यात काय होतं तेही ऐका. तिला वाटलं, काकाजी वाचतील की. कानामात्रेची चूकही न सोडणारा माणूस तो. यादी पाहतील, तडकतील, जुनी ऑर्डर आणून टेबलावर आपटतील आणि दहा मिनिटांत निकाल. आपल्याला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही.

अशी यादी टेबलाटेबलावर फिरवायची रीत असते. ज्यानं त्यानं वाचायची आणि समोर 'पाहिले' लिहून सही करायची. हे काम चपराशाचं, म्हणजे देवाजीचं. पण त्या दिवशी बाबारावांनी देवाजीला डाक घेऊन पाठवलं आणि प्रेमिलाला म्हणाले, "तूच फिरव बेटा." काहून, ते कळलं का? देवाजीच्या हातून आलेला कागद आनंदरावांनी चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचला असता. अठरा वर्षं माणसं वाचण्यात घालवली होती त्या मेल्यानं, त्याला सगळं ठाऊक होतं.

ती खिडकीपाशी गेली तेव्हा आनंदराव जेवत होते. "काय आहे? यादी? आण, कुठं करू सही?"

"काकाजी, वाचून घ्या न," ती म्हणाली. म्हणाली, पण हळूच.

"तू कापली न स्टेन्सिल? मंग काय वाचाचं? तुह्या हातची एक चूक नाही सापडली मले आजवर." त्यांनी उजवा हात धुतला, पंच्याला पुसला आणि लिहिलं, पाहिले. खाली सही, लांबलचक, वळणदार. प्रेमिलानं कूलरकडे पाहिलं. बाबाराव बशीतून चहा पीत होते. तिनं यादी उचलली आणि पुढच्या टेबलावर नेली.

बाकीच्यांना दिसलं नसेल असं समजू नका. चांगले पाच-सहा जण वाचून, भुवया उंचावून, मूग गिळून बसले. प्रत्येकाचं सेवापुस्तक त्या कपाटात होतं. शिवाय वर आनंदरावांची सही दिसत होती. ज्याचं त्याला चालतंय तर आपण कशाला वाईट व्हा, असा हिशेब.

प्रेमिलाचे ते पंधरा दिवस कसे गेले ते तिचं तिला माहीत. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. चौथ्या दिवशी संध्याकाळी आनंदराव सायकलवरून उतरून तिच्यासोबत सदर बाजारापर्यंत पायी आले. म्हणाले, "पोरी, त्या खुर्चीवर बसलो का एक दिवस मायले अन् भीमाबाईले घेऊन येतो. मायनं त्या खोलीचं दार फक्त बाहेरून पाहिलं आहे. बुढी ऐंशीची झाली, लवकर केलं पाहिजे." सांगायला याहून बरी वेळ कुठली होती? पण ती नुसती "हाव, हाव" करत राहिली.

नवव्या दिवशी तिची ऑर्डर आली. कायम! कांताबाईनं गल्लीभर साखर वाटली. संध्याकाळी आनंदराव स्वतः आले, दारातच मोठ्यानं म्हणाले, "कांताबाई, तुमची पोरगी आता कोणाच्या बापाले भेत नाही!" बहिणी हसल्या. आई डोळे पुसत होती. प्रेमिला आत गेली आणि चुलीपुढे बसून राहिली. आता तर सांगायलाच हवं होतं, आता कोण काय करणार होतं? पण आता भीती निराळी होती. नऊ दिवस गप्प का होतीस, असं काकाजींनी विचारलं तर?

पंधराव्या दिवशी ती त्यांच्या टेबलाशी दोनदा जाऊन उभी राहिली. पहिल्यांदा ते फोनवर साहेबांशी बोलत होते. दुसऱ्यांदा त्यांनी वर पाहून विचारलं, "काय वं?" आणि ती म्हणाली, "टाचण्या पाहिजे होत्या." टाचण्या घेऊन ती परत आली. पाच वाजले, कचेरी सुटली, मुदत संपली.

जूनअखेर जुने बडेबाबू गेले आणि ऑर्डर निघाली गोपाळरावांची. आनंदरावांना आधी हसूच आलं. टायपिंगची चूक म्हणून कागद घेऊन ते बाबारावांकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात यादी होती आणि चेहरा पांढराफटक. साहेबांकडे गेले, जुनी ऑर्डर दाखवली. साहेबानं यादी फिरवून त्यांच्यापुढे धरली. "वासनिक, तुमची सही आहे. पाहिले असं लिहिलंय. आता मी काय करू? कोणी आणली होती तुमच्याकडे?" दार उघडं होतं, सगळी कचेरी कान देऊन बसली होती. आनंदराव म्हणाले, "आठवत नाही साहेब. माहीच चूक आहे."

संध्याकाळी व्हरांड्यात त्यांनी प्रेमिलाला थांबवलं. रागानं नव्हे, नुसतं विचारलं, "पोरी, टाईप करताना तुह्या ध्यानात आलं होतं का वं?"

"नाही काकाजी," प्रेमिला म्हणाली.

"मले माहीतच होतं. तुह्या कसं ध्यानात येईन? तुही पहिलीच यादी. चौतीस वर्षं मी लोकायले सांगतो का वाचल्याबिगर सही करू नका, अन् मीच..." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडायला लागली तर उलट तिचीच समजूत घालत बसले. काय म्हणावं या माणसाला!

वरच्या कचेरीत त्यांनी अर्ज केला. मुदतीत हरकत न घेतल्यानं विचार करता येत नाही, असं उत्तर आलं ते पुढच्या वर्षी. तोवर ते शाल-नारळ घेऊन वरिष्ठ लिपिक म्हणूनच घरी बसले होते. त्यांची माय त्याआधीच्या थंडीत गेली. तिनं ती खोली पाहिलीच नाही.

प्रेमिलाची नोकरी मात्र छान चालली. बहिणींची लग्नं झाली, तिचंही झालं, नवरा शाळामास्तर. कूलरकडच्या चहाला तिला बोलावणं यायचं, ती कधी गेली नाही. कोणाकडे कागद नेला की आधी मोठ्यानं वाचून दाखवायची, सगळा, पहिल्या ओळीपासून. लोक वैतागायचे, "बाई, पोथी लावली काय तुम्ही?" ती वाचत राहायची.

इकडे आनंदरावांनी आपल्या चुकीचा धडा करून टाकला होता. रविवारी विहारात नोकरीला लागलेलं कोणी पोरगं आलं की त्याला जवळ बसवायचे आणि सांगायचे, "माह्यावाणी येडेपणा करू नको बापा. जेवता जेवता सही केली, बडेबाबू व्हाचा राहिलो." स्वतःच हसायचे. प्रेमिला बायकांत बसून ऐकायची. आठ वर्षं तिनं ते ऐकलं. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, उठून सांगावं. आणि प्रत्येक वेळी वंदना व्हायची, चपला सापडायच्या, सगळे घरी जायचे.

शहाऐंशी साली तिला बढती मिळाली. वरिष्ठ लिपिक. बाबाराव निवृत्त झाले होते आणि टेबल कोणतं मिळालं म्हणता? आस्थापना. ती पेढे घेऊन आनंदरावांकडे गेली. ते अंगणात खाटेवर बसले होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगांचा चष्मा. ऐकून असे खूश झाले की काठी सोडून उभेच राहिले. "अवं, ऐकलं काय! आपली पोरगी आस्थापनेवर बसली! चहा ठेव!" मग तिला शेजारी बसवून म्हणाले, "आता यादी तुह्या हातून जाईन. एक ध्यानात ठेवजो. जुन्या माणसाच्या पुढं नुसता कागद नको ठेवू. माह्यासारखा एखादा येडा असतेच." आणि हसले, आठ वर्षं हसत होते तसेच.

तिला ते हसणं सोसलं नाही. "काकाजी," ती म्हणाली, "मले माहीत होतं."

"काय?"

"तारीख बदलली ते. स्टेन्सिल कापतानाच दिसलं होतं. मी बाबारावले विचारलंबी होतं. त्यानं माही ऑर्डर दाखवली."

आनंदरावांचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं. "म्हणजे सही घ्याले आली तेव्हा माहीत होतं?"

"हाव."

"अन् पंधरा दिवस?"

"हाव, काकाजी."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला नाही. मग म्हणाले, "हे काहून सांगितलं मले?"

"सहन नाही झालं."

"तुले नाही झालं." ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "आठ वर्षं मी माह्यावर राग धरून आहे. तो माह्या अंगवळणी पडला होता. येडा म्हणून हसलो, दुसऱ्यायले हसवलं, निभलं. आता तो राग तुह्यावर धरू? गल्लीत विचार कोणालेबी, लेक म्हणून सांगतो मी तुले. कसा धरू, सांग न मले?"

प्रेमिलानं त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. ती कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली. भीमाबाई चहा घेऊन आली, दोघांकडे पाहून दचकली. "काय झालं वं? रडून काहून राहिली?"

"काही नाही," आनंदराव म्हणाले. "बढतीची खुशी आहे."

चहा कसाबसा संपवून ती निघाली. भीमाबाई फाटकापर्यंत आली. "आता केव्हा येशीन वं पोरी? रविवारी ये जेवाले."

खाटेवरून आनंदरावांनीच उत्तर दिलं. आजवर त्यांनी तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. "त्यायले आता कुठं फुरसत भेटन," ते म्हणाले. "मोठं टेबल आहे त्यायचं. येऊ द्या त्यायले त्यायच्या सवडीनं."

भीमाबाईला काही कळलं नाही, ती हसली. प्रेमिलाला कळलं. ती गल्लीतून चालत घरी आली, आणि त्यानंतर आनंदराव होते तेवढी तीन वर्षं तिला त्या अंगणात पाय टाकायची हिंमत झाली नाही.